सागाचा ओंडका

फार जुन्या काळी एका रानात हत्तिणींचा कळप नदीकाठी चरत असताना सागाचं झाड कोसळलं आणि गुंजी या पिल्लाचा पाय त्याखाली अडकला. नदीला पूर चढत होता.

"सगळ्या मिळून रेटा गं!" गुंजीची आई ओरडली. सगळ्या ओंडक्याला भिडल्या. हुंकारांनी रान दणाणलं, पण ओंडका हलेना. प्रत्येकीला वाटत होतं, एवढ्याजणी आहेत, आपण जरा कमी रेटलं तर काय बिघडतं?

खाली पडलेल्या गुंजीला सगळं दिसत होतं. ती म्हणाली, "मावशी, तुझं कपाळ लाकडाला टेकलेलंच नाही."

मावशी भडकली. "एवढं करून वर ऐकून घ्यायचं? मी नाही रेटणार!" ती बाजूला झाली. बाकीच्या तिची समजूत काढायला धावल्या. आई एकटीच रेटत राहिली. पाणी गुंजीच्या कानांपर्यंत आलं, मग डोक्यावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी शेजारचा कळप भेटायला आला. मावशी रडत सांगत होती, "आम्ही सगळ्यांनी जीव तोडून जोर लावला हो, पण लाकूडच भारी होतं."

आई ऐकत होती. संध्याकाळी तिचा कळप पुढे निघाला, तेव्हा तीही मुकाट्याने मागून चालू लागली. एकटीने त्या रानात जगणं शक्य नव्हतं.