सर रॉडरिक दार वाजवतात

वेल्स देशाची माहिती माझ्याइतकी आपल्या तालुक्यात कुणालाच नाही. तो नकाशात कुठे आहे तेवढं मात्र विचारू नका.

दोनशे वर्षांपूर्वी तिकडे एक रीत होती. सूर्य मावळल्यावर गावाच्या माळावर घर बांधायला घ्यायचं आणि उजाडायच्या आत धुराड्यातून धूर काढायचा, की ते घर बांधणाऱ्याचं. विधवा अंगरादनं शेजारीपाजारी गोळा करून तसंच केलं. भिंती गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांच्या, छप्पर झुडपांचं.

सकाळी ही खबर जमीनदार सर रॉडरिकच्या कानी गेली. त्याला तो माळ मेंढ्यांसाठी कुंपण घालून गिळायचा होता. तो तडक घोड्यावर बसला. माणूस लोभी, पण खानदानी रीतभात झोपेतही न विसरणारा. त्यानं काठीनं दार वाजवलं, आतून ‘या’ ऐकू येईपर्यंत थांबला, बूट पुसले, हॅट काढली आणि वाकून आत शिरला. शेजारी दाराशी जमलेच होते.

“बाई, या मुलखात घर कशाला म्हणायचं ते मी ठरवतो,” तो गरजला. “हे घर नव्हे, मातीचा ढिगारा आहे. माझे गडी संध्याकाळपर्यंत उपसून टाकतील!”

अंगरादनं चुलीवरचं भांडं सावकाश खाली उतरवलं.

“बरं, सरकार. पण मग ढिगाऱ्याचं दार वाजवून, मी ‘या’ म्हणेपर्यंत बाहेर थांबलात, ते कशासाठी?”