चाकाची माती आणि आसरेचा वसा

ऐका आसरामाई, तुमची कहाणी. चूक सारी धोंडजी कुंभाराची. देवाची नाही, दैवाची नाही, सुनेची तर नाहीच. हे आधी ऐका, मग नगर ऐका.

आटपाट नगराला नदीचा वेढा होता. वेढ्यात कुंभारआळी होती. भट्टीचा धूर पाण्यावर उतरे, पाण्यावरच निजे. आळीत धोंडजी होता, त्याचा लेक होता, कौतिका नावाची सून होती. आळीची एक रीत होती. कुणाला कापलं, खुपलं, की चाकावरची ओली माती जखमेवर थापायची. जिनं पोसलं ती मारील कशी, असं थोरले म्हणत. थोरले म्हणत म्हणून धाकटे थापत. कुणी मेलं, तर त्याचं आयुष्य तेवढंच होतं म्हणत.

एके दिवशी कौतिका माती तुडवीत होती. मातीत खापरी होती, टाच चिरली. लंगडत नदीवर गेली. धुरातून एक बाई आली. केस ओले, पाऊल कोरडं. म्हणाली, "बाई, बाई, माती लावू नकोस. मी आसरा, या पाण्यातली देवी. तुला वसा देते, घेशील?"

"घेईन. कसा करावा?"

"रक्त दाबून धरावं. उकळून निवल्या पाण्यानं जखम धुवावी, स्वच्छ फडकं बांधावं, रोज सोडून पाहावी. मातीत कापलं तर धनुर्वाताची सुई घ्यावी. सूज चढली, पू झाला, ताप आला, लाल रेघ वर धावली, तर माझी पूजासुद्धा अर्धी टाकावी नि दवाखाना गाठावा."

"उद्यापन कधी करू?"

"खपली आपली आपण गळेल तेव्हा." बोलली आणि धुरासारखी विरली.

कौतिकानं वसा घेतला. नदीपल्याड जाऊन सुई घेतली. टाच भरून आली. सासरा हसला, "सूनबाई टाचेला आंघोळ घालते. उद्या लुगडं नेसवील."

मग काय झालं? चाकावरच्या गोळ्यात खापरी निघाली. धोंडजीचा अंगठा फाटला. त्यानं माती थापली. कौतिका पाणी घेऊन आली.

"मामंजी, हात धुते."

"चाकाची माती धुतेस? घराचं वाटोळं करशील."

पाणी निवून गेलं. मग अंगठा वांग्यासारखा सुजला.

"मामंजी, दवाखान्यात चला."

"माझ्या आज्यानं दवाखाना पाहिला होता का?"

"नाही. तुम्ही तरी त्यांना कुठं पाहिलंत?"

म्हातारा जागचा हलला नाही. लेक खाली मान घालून माती मळत राहिला.

मग ताप चढला. अंगठा काळा पडला. मनगटावरून लाल रेघ निघाली, नदीसारखी वळत कोपराकडे चालली. म्हातारा पडल्या पडल्या म्हणे, "चाक पाण्यावर फिरतंय गं. त्या बायका कोण? मला का बघतात?"

कौतिकानं तिसऱ्यांदा विचारलं नाही. नवऱ्याला म्हणाली, "उचला. बाप तुमचा आहे, का माझा एकटीचा?"

म्हाताऱ्याला नावेत घातलं. वारा नव्हता, वल्हं जड होतं, तरी नाव चालली. दोहीं बाजूंनी ओल्या केसांच्या बायका ढकलीत होत्या. कौतिकाला दिसल्या, नवऱ्याला दिसल्या नाहीत. पैलतीरी डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला. म्हणाल्या, "जीव वाचवते. सुजला तेव्हाच का नाही आणलं?" लेकानं बायकोकडं पाहिलं. कौतिकानं पाहिलं नाही.

आळीतले थोरले म्हणाले, आसरा कोपली. कोपली नव्हती. तिनं तर सांगितलं होतं.

कौतिकाला आसरा पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. थोरल्यांच्या पाया पडा, त्यांची माती जखमेला लावू नका. साठां उत्तरांची कहाणी पांचा शब्दांत सांगायची, तर धोंडजीचा उजवा हात कापावा लागला.