केरबाचं कपाळ

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा कापडवाला राहत होता. आईवडील लवकर गेले, म्हणून थोरल्या बहिणीने, हौसाआक्काने, त्याला वाढवलं. पुढे आक्का पैलतीरी सासरी गेली, पण दोघांची भाऊबीज कधी चुकली नाही.

केरबा पन्नाशीला आला. डोकं पुढून मोकळं झालं. एका भाऊबिजेला कुंकू लावताना आक्का म्हणाली, "केरबा, तुझं कपाळ संपतं कुठे रे?" सगळे हसले. केरबाला ते लागलं.

तो शहरात गेला आणि डोक्यावर केस रोवून घ्यायला बसला. डॉक्टर म्हणाले, "रेघ जरा वर घेऊ, वयाला शोभेल." केरबाने आपल्या लग्नातला फोटो पुढे केला. "अशीच हवी." डॉक्टरांनी मग वाद घातला नाही.

केस उगवले, पण भाताच्या रोपांसारखे रांगेत, पार भुवयांजवळ आलेले. पारावरचे लोक म्हणू लागले, "कापडवाल्याने कपाळाला ब्रश शिवलाय." केरबा टोपी घालू लागला. त्या दिवाळीला त्याने आक्काला खोटाच निरोप धाडला, दुकानात गर्दी आहे म्हणून. ती ताट मांडून अंधार पडेपर्यंत बसली होती, हे त्याला मागाहून कळलं.

मग त्याला जुने दिवस आठवू लागले. लहानपणी ओवाळणीत टाकायला काही नसे. तो शेजारच्या झाडाचा पेरू ताटात ठेवी आणि दोघं उंबऱ्यावर बसून तो खात. आक्का त्याला मोठा अर्धा देई.

केरबा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, "पुढचे केस एकेक करून काढावे लागतील. त्यातले थोडे मागे विरळ लावू. पण विशीतलं डोकं मिळणार नाही."

"ते नको. माझं होतं ते कपाळ द्या."

"वर्ष लागेल. लावलेले केस आधी गळतील. मधले काही महिने आतापेक्षा वाईट दिसेल."

त्याच महिन्यांत भाऊबीज आली. कपाळावर लाल ठिपके, डोक्यावर कुठे केस, कुठे नाहीत. बायकोने विचारलं, "यंदाही दुकानात गर्दीच का?"

केरबाने टोपी चढवली. होडीत बसून पलीकडे गेला. आक्काच्या दारात त्याने टोपी काढली.

आक्काने वाकून ठिपके पाहिले. "दुखतं का रे?"

"नाही."

"मग गेल्या साली का आला नाहीस? करंज्या मांजराने खाल्ल्या."

"तू हसशील म्हणून."

"हसेनच की. एवढासा होतास तेव्हापासून हसतेय. म्हणून कधी दार लावलं का तुला?" तिने आत बोट दाखवलं. "पाट मांडलाय. बस."

केरबा मान खाली घालून बसला. ठिपके चुकवत, अगदी हलक्या हाताने आक्काने कुंकू लावलं. मग तिला हसू आवरेना, आणि केरबालाही.

तात्पर्य: झालेली चूक सुधारायला वेळ लागतो, ती पुरती सुधारेपर्यंत आपल्या माणसांपासून तोंड लपवू नये.