दहा हात पाचोळा

सातपुड्यातल्या एका उंच टेकडीवर माणसांनी कधीकाळी कॉफीची झुडपे लावली आणि पुढे ती साफ सोडून दिली. त्या टेकडीवर एक वानर राहत असे. माघात झुडपांना लाल फळे धरली, की वानर रोज सकाळी उंबराची पाच-सहा फळे खाई आणि वर कॉफीचे एक फळ बियांसकट चावून टाकी. मग त्याला अशी तरतरी येई, की शेपटीसुद्धा खाली राहत नसे. इथवर त्याचे काहीच चुकत नव्हते. मुलांनो, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही कॉफीच्या नावाने बोटे मोडाल.

त्या वर्षी माघ संपता संपता पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला. वणवा तीन दिवसांत टेकडीवर येणार हे म्हाताऱ्या गव्याने ओळखले. दरवर्षी अशा वेळी सगळे प्राणी मिळून जाळरेषा काढत. जाळरेषा म्हणजे टेकडीभोवतीचा एक पट्टा पार जमीन दिसेपर्यंत झाडून काढायचा. आग पाचोळ्यावरून चालत येते. पाचोळाच नसला, की तिला पाय ठेवायला जागा उरत नाही. गव्याने ज्याला त्याला वाटणी करून दिली. ओढ्यापासून पळसापर्यंतचा पट्टा रानकोंबडीकडे आला. पळसापासून कड्यापर्यंतचा लांबलचक पट्टा, हात लांब म्हणून, वानराकडे आला. वानराच्या पट्ट्याला लागून आतल्या बाजूला, करवंदीच्या जाळीत, रानकोंबडीची सात अंडी होती. तिची सगळी भिस्त त्याच्यावर होती आणि तसे तिने त्याला सांगितलेही.

वानर छाती फुगवून म्हणाला, "ताई, तू निश्चिंत राहा. तीन दिवसांचं काम मी दोन दिवसांत उरकतो."

पहिल्या दिवशी त्याने खरोखरच कमाल केली. दोन्ही कवेत पाचोळा घ्यायचा आणि कड्यावरून खाली लोटायचा, असा त्याचा सपाटा चालला होता. दुपारी गव्याने विसाव्यासाठी हाक घातली. जाळरेषेचा तो नियमच होता. सूर्य डोक्यावर आला, की सगळ्यांनी चार घास खायचे आणि सावली हातभर लांबेपर्यंत पडून राहायचे. रानकोंबडीही किडे-दाणे टिपून अंड्यांवर जाऊन बसली आणि तिने डोळे मिटले. वानराला मात्र थांबणे म्हणजे कमीपणा वाटला. त्याने जेवणाऐवजी कॉफीची मूठभर फळे खाल्ली आणि पुन्हा कामाला लागला. जाता जाता जाळीकडे बघून म्हणाला, "काय ताई, वणव्याला झोपून पळवणार वाटतं?" रानकोंबडीने एक डोळा उघडला आणि परत मिटून घेतला.

संध्याकाळपर्यंत वानराचा अर्ध्याहून अधिक पट्टा झाला. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले आणि ते त्याच्या डोक्यात गेले. रात्री मात्र त्याचा डोळ्याला डोळा लागेना. अंग मोडून आले होते आणि छाती धडधडत होती. त्याला वाटले, ही ताकदच आहे, ओसंडून वाहते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबराची फळे खायची इच्छा झाली नाही. एका फळाने होणारे काम आता मुठीने होईना, म्हणून त्याने दोन मुठी खाल्ल्या. कवेत पाचोळा घेतला की हात थरथरत आणि अर्धी पाने झाडलेल्या पट्ट्यावरच पडत. तो वळून तीच पाने पुन्हा उचले. धावपळ कालच्यासारखीच होती, फक्त पट्टा पुढे सरकत नव्हता.

रानकोंबडी आपल्या पट्ट्यात पायाने पाचोळा उकरत, मागे टाकत, संथपणे चालली होती. तिने ते पाहिले आणि तिला काळजी वाटली. ती जवळ येऊन म्हणाली, "वानरदादा, सकाळचं एक फळ ठीक आहे. पण तरतरी वेगळी आणि ताकद वेगळी. घटकाभर पडा. मी तुमच्या बाजूचंही थोडं उकरते."

"तरतरी आहे म्हणूनच मी अजून उभा आहे," वानर म्हणाला. ते अगदी खरे होते आणि गोम तिथेच होती. पण त्याला ती दिसली नाही. कोंबडीकडून मदत घेतली तर टेकडीवर तोंड कसे दाखवायचे, एवढेच त्याच्या मनात आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी रानकोंबडीचा पट्टा ओढ्यापासून पळसापर्यंत स्वच्छ झाला होता. वानराचा दहा हात उरला होता. तो उरला होता नेमका करवंदीच्या जाळीसमोर. विसाव्याची हाक झाली. वानर म्हणाला, एवढे दहा हात आत्ता उडवतो. त्याने कॉफीच्या खालच्या फांद्यांवरची शेवटची फळे ओरबाडली, तोंडात कोंबली आणि तरतरीची वाट बघत पळसाला टेकून बसला. फळे पोटात गेली, पण तरतरी काही आली नाही. तीन दिवसांचा थकवा तेवढा आला, आणि तो बसल्या जागी घोरू लागला.

विसावा संपत आला तेव्हा वारा फिरला. वणवा उतारावरून तडतडत वर चढला. जाळरेषेला भिडला तिथे तिथे तो विझत गेला, पण त्या दहा हातांवर त्याला वाट सापडली. गव्याने हंबरून टेकडी दणाणून सोडली. त्या आवाजाने रानकोंबडी अंड्यांवरून उठली. नुकतीच झोप झाली होती, पोटात दाणे होते, पायांत बळ होते. तिने आगीकडे पाठ केली नाही. जाळीच्या तोंडापासून सुरुवात करून ती दोन्ही पायांनी पाचोळा उकरत गेली. आठ हात झाले तेव्हा ज्वाळा तिच्या पिसांपर्यंत आल्या होत्या. तरी तिने दहावा हात पुरा केला. आग मोकळ्या मातीपाशी येऊन थबकली, थोडा वेळ धुमसली आणि विझली.

करपलेल्या पिसांच्या वासाने वानर जागा झाला. समोर मोकळी जमीन होती, तिच्यापलीकडे राख होती आणि मध्ये अर्धी शेपटी गमावलेली रानकोंबडी धापा टाकत उभी होती. जाळीत सातही अंडी शाबूत होती. झाला प्रकार त्याच्या ध्यानात आला आणि लाजेने त्याची मान खाली गेली. त्याने हळू आवाजात विचारले, "ताई, एवढं बळ तुझ्यात आलं कुठून?"

रानकोंबडी जाळीकडे वळत म्हणाली, "दुपारी झोपले होते ना, दादा."

पुढच्या माघात टेकडीवर पुन्हा जाळरेषा निघाली. वानराने सकाळी पोटभर उंबरे खाल्ली आणि वर कॉफीचे एकच फळ खाल्ले. सूर्य डोक्यावर आला तेव्हा गव्याने हाक घालायच्या आधीच तो पळसाखाली आडवा झाला होता. रानकोंबडीची सात पिल्ले, आता चांगली मोठी झालेली, त्याच्या पोटाला टेकून झोपली होती. त्या वर्षी त्याचा पट्टा सगळ्यांच्या आधी झाला नाही, पण वेळेत आणि कड्यापर्यंत पुरा झाला.

तात्पर्य : तरतरी थकवा झाकते, घालवत नाही; दिवसभर पुरणारे बळ वेळच्या वेळी खाण्याने आणि विसाव्यानेच येते.