पडलेल्यांची नावं

देवकुंडच्या रणधीरराजांनी लढाई जिंकली आणि त्या लढाईवर स्वतःच काव्य रचलं. भर दरबारात वाचन झालं, वाहवा झाली. मग राजांनी म्हाळसाबाईंकडे पाहिलं. काव्याची पारख करावी ती बाईंनीच, असा त्यांचा लौकिक होता.

"बाई, एक तरी दोष दाखवा!"

म्हाळसाबाईंनी पदर सावरला. आवाज कापू नये, एवढीच त्यांना काळजी होती.

"महाराज, काव्यात आपल्या घोड्याचं नाव आहे, तलवारीचंही आहे. पडलेल्या शिपायांपैकी मात्र एकाचंही नाही."

राजे हसले. "सगळ्यांची नावं घालत बसलो, तर काव्य संपायचं कधी?"

"हा विचार लढाईआधी केला असता महाराज, तर काव्य आपोआप आटोपशीर झालं असतं."

राजांचं हसू मावळलं. ते बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"तुमचं कोण होतं त्यांत?" त्यांनी हळूच विचारलं.

"धाकटा मुलगा. केरोबा."

राजे सिंहासनावरून उतरले, बाईंसमोर येऊन बसले आणि त्यांनी लेखणी हातात घेतली.

"काव्य पुन्हा लिहायचंय. कसा होता केरोबा, सांगा."

इतके दिवस अडवून धरलेलं रडू बाईंना तेव्हा फुटलं.

"लाजाळू होता हो," त्या म्हणाल्या. "भूक लागली तरी मागायचा नाही."