टोपीखालचा कण

उजेड तारेतून निरोप नेऊ लागला, त्या काळची ही गोष्ट. दवाखान्याच्या पेटीत काचेची नवी तार उतावीळ झाली होती. आजारी बाळाच्या छातीचा फोटो तिला शहरातल्या डॉक्टरांकडे पोचवायचा होता.

“जोडा लवकर!” ती ओरडली.

“आधी तपासणी,” तारांची तोंडं तपासणारं भिंग म्हणालं.

“भिंगोबा, मी कोरी आहे! तोंडावरची धुळीपासून जपणारी टोपीसुद्धा आत्ताच काढली.”

“त्या टोपीचाच कण तुझ्या तोंडावर बसलाय. तशीच समोरच्या तारेला भिडलीस तर दोघींच्या काचेवर कायमचा ओरखडा पडेल.”

तार वरमली. तिचं तोंड पुसून झालं. भिंगानं पुन्हा पाहिलं. “स्वच्छ! चल आता.”

“थांबा! समोरचीला तपासलंत?”

समोरची जुनी तार फणकारली, “दहा वर्षं उजेड वाहतेय मी!”

“तोंड दाखव,” भिंग म्हणालं.

तिचंही तोंड पुसावं लागलं. मग दोघी खट्‌कन जुळल्या आणि फोटो क्षणात शहरात पोचला.