झावळीचा खांब

पूर्वी, पूर्वेच्या महासागरातल्या वैतू बेटावर तेवाका नावाचा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व तिथल्या खाडीच्या राखणदारांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव ओरोनुई.

प्रवाळाच्या बांधाने अडवलेली ती उथळ, हिरवी खाडी. साऱ्या बेटाचे पोट तिच्यावर चालायचे. वर्षातून एकदा हेकरू मासे अंडी घालायला बांधाच्या खिंडीत गोळा होत. त्यांची पहिली टोळी दिसली की राजा स्वतःच्या हाताने पाण्यात एक खांब रोवी, राखणदार त्याला विणलेली झावळी बांधी, आणि त्या क्षणापासून खाडी बंद. दोन पौर्णिमा उलटेपर्यंत तिथे जाळे नाही, गळ नाही. खांब काढायचा अधिकार मात्र फक्त राखणदाराचा. राजे लोकांना कधी काय हुक्की येईल याचा नेम नसतो, हे त्या बेटावरच्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते.

तेवाका मनाने वाईट नव्हता, पण पाहुणचाराचे त्याला भारी वेड. सात वर्षांपूर्वी रुआनी बेटाचा राजा मातांगी याने त्याला जेवायला बोलावले होते. केळीच्या पानांवर हेकरूंची रास, एकेक मासा गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेला. खाणारे थकले, वाढणारे थकले नाहीत. ते जेवण तेवाकाच्या मनात सलत राहिले. मातांगी आपल्याकडे येईल तेव्हा याच्या दुप्पट वाढीन, असे तो येता-जाता ऐकवी. राणी हिनारेचे कान ते ऐकून किटले होते.

आणि मातांगी आला. आमंत्रण नव्हते, निरोप नव्हता. एका सकाळी तोल राखायला बाजूला उलांडीचे लाकूड बांधलेल्या बारा होड्या बांधाबाहेर दिसल्या, तेव्हा खाडीत खांब रोवून जेमतेम नऊ दिवस झाले होते.

तेवाकाने ओरोनुईला बोलावून घेतले.

"खांब काढ. एका दिवसापुरता."

"एक दिवस पुरतो, महाराज," ओरोनुई म्हणाला. "पोटात अंडी असली की हेकरू माणसाला भीत नाही. हाताने उचलावा तसा मिळतो. दुपारपर्यंत खिंड रिकामी होईल."

"मग पाहुण्यांना वाढू काय?"

"अळूचे कंद आहेत. खड्ड्यातला नीरफणस आहे."

तेवाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानांत गुंडाळून जमिनीत पुरलेला, आंबलेला नीरफणस हे वादळानंतरचे, उपासमारीचे अन्न. ते पाहुण्यापुढे ठेवायचे म्हणजे आपल्या हाताने आपलेच नाक कापून घ्यायचे.

"चार लोकांत माझी शोभा करतोस? खांब काढ, नाहीतर तुला होडीत बसवून समुद्रात लोटून देईन!"

"बसतो, महाराज. पण तो खांब माझ्या हातून निघायचा नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. भरती कधी येईल ते सांगावे, तसे त्याने सांगितले.

तेवाका तरातरा चालत स्वतःच पाण्यात उतरला. कमरेइतक्या पाण्यात खिंडीजवळ जाऊन त्याने खांबाला हात घातला. तेवढ्यात एक हेकरू त्याच्या पोटरीला घासून गेला, मग दुसरा. त्याने वाकून एक उचलला. मासा निसटला नाही, नुसता तोंड उघडत-मिटत राहिला. राजाच्या ओंजळीत गाबोळीचा चिकट धागा ओघळला. तेवाकाने असंख्य मासे खाल्ले होते, पण इतका विश्वासाने हातात आलेला मासा त्याने कधी पाहिला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. मासा त्याने हळूच पाण्यात सोडला आणि चडफडत परत आला. खांब जागेवर राहिला, पण पाहुण्यांना तोंड कसे दाखवावे हे काही त्याला सुचेना.

दुपारी पाने मांडली. आंबलेल्या नीरफणसाचा वास मंडपभर पसरला. तेवाका मान खाली घालून बसला. तेव्हा ओरोनुई पुढे आला आणि मातांगीच्या पायांशी कपाळ टेकून म्हणाला, "राजाने मासे द्यायचे ठरवले होते. मी अडवले. अपमान झाला असेल तर दोष माझा."

मातांगी जेवत होता. त्याची माणसेही जेवत होती, पाने बोटांनी निपटून काढत होती, पुन्हा मागत होती. तेवाकाने वर पाहिले, तेव्हा कुठे त्याला त्यांच्या वर आलेल्या बरगड्या दिसल्या.

"दादा," मातांगी हात थांबवून म्हणाला. "सात वर्षांपूर्वी तुम्ही आलात, तेव्हा आमचाही खांब रोवलेला होता. तुमच्यापुढे कमी पडायला नको म्हणून मी तो उपटला. तेव्हापासून आमच्या खिंडीत हेकरू आला नाही. हळूहळू बाकीची मासळीही आटली. मी पाहुणा म्हणून आलो नाही. मी भीक मागायला आलो आहे."

तेवाकाचा घास हातातच राहिला. सात वर्षे ज्या जेवणाचा त्याने हेवा केला, ते एका बेटाचे शेवटचे पोटभर जेवण होते. त्याला रडू आवरेना, आणि ते त्याने आवरलेही नाही. त्याने नीरफणसाचे पाच खड्डे उकरून बाराही होड्या भरून दिल्या.

होड्या निघताना ओरोनुई त्यांच्याबरोबर निघाला. रिकाम्या खाडीलाही राखणदार लागतो, असे तो म्हणाला. वैतूची राखण त्याने बहिणीवर सोपवली होती. तेवाकाने त्याचा हात धरला. "जाऊ नकोस रे."

"महाराज, आपण मला समुद्रात लोटणारच होतात ना? तर मग याच दिशेला लोटा."

राजाने स्वतः त्याची होडी लोटली. रुआनीच्या रिकाम्या खिंडीत ओरोनुईने दरवर्षी मातांगीच्या हातून नुसता खांब रोववला आणि दरवर्षी दोन पौर्णिमा तो तिथे बसून राहिला. अकराव्या वर्षी हेकरूंची पहिली टोळी आली. ती त्याने डोळे भरून पाहिली आणि खांबाला झावळी बांधली.

मोठ्या दानोत्सवाच्या जेवणाला मासे हवेत म्हणून गावचे तळे उपसायला निघालेल्या गृहपती उग्रदत्ताला शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली आणि शेवटी मागच्या जन्मीची नाती उलगडून दाखवली: "त्या वेळचा तेवाका तूच होतास, उग्रदत्ता. मातांगी म्हणजे तुझा शेजारी भद्रसोम, आणि राखणदार ओरोनुई मी होतो." ही बोधिसत्त्वाची अधिष्ठान पारमिता, म्हणजे करुणेपोटी केलेला आणि कोणाच्याही भयाने न ढळणारा निश्चय. उग्रदत्ताने वंदन केले, आणि तळे उपसायला गेलेल्या माणसांना परत बोलवायला तो धावत गेला.